कोकोच्या टरफलाचं करायचं काय? साखर कारखान्यातल्या जुन्या केमिस्टचा हिशेब

शंभर किलो सुकं कोको बी भाजून फोडलं की साधारण बारा किलो टरफल हाती लागतं. वाई-पाचगणीकडं आता कोको बी आणून स्वतः चॉकलेट करणारी तरुण मंडळी निघाली आहेत. हे बारा किलो कुठं जातं असं त्यांना विचारलं, तर तीन उत्तरं मिळतात. कुणी घंटागाडीत टाकतं, कुणी झाडाच्या बुडात ओततं, आणि कुणी गवळ्याला फुकट देऊन पुण्य पदरात पाडतं. त्या तिसऱ्या पुण्याबद्दल पुढं सविस्तर बोलायचं आहे, कारण त्यात जनावराचा जीव जाऊ शकतो.

माझी हयात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. आता वाईत असतो. घरामागच्या शेडमध्ये सूनबाईचं चॉकलेटचं छोटं युनिट आहे. बी केरळातल्या इडुक्कीहून आणि आंध्रातल्या एलुरूकडून येतं. ती चॉकलेट बघते आणि मी तिचं टरफल बघतो. कारखान्यात राहिलेल्या माणसाला वाया जाणारा माल डोळ्यांत खुपतो, त्याला इलाज नाही. शंभर टन उसातून साखर दहा-अकरा टनच निघते. बगॅस म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा अठ्ठावीस-तीस टन, मळी चार-साडेचार टन, प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ तीन-चार टन. साखरेचा भाव पडतो त्या साली कारखाना तगतो तो या बाकीच्या मालावर: बगॅसवर वीज, मळीवर स्पिरिट, प्रेसमडवर खत.

टरफलाला हाच न्याय लावता येतो, पण एक फरक आहे. कारखान्यात हे तिन्ही माल आपापल्या वाटेनं वेगळे बाहेर पडतात. टरफल मात्र सगळं एकाच पोत्यात पडतं. त्यात मोठे पापुद्रे, बारीक चुरा, धूळ, बियांचे कोंब आणि चुकून उडालेले निब्ज, म्हणजे ज्यांचं चॉकलेट होतं ते बियांच्या आतल्या दाण्याचे तुकडे, असा सगळा काला असतो. असा काला कुणी विकत घेत नाही, घेतलाच तर कचऱ्याच्या भावानं. तोच माल चाळून वेगळा केला की प्रत्येक भागाला आपापलं गिऱ्हाईक मिळतं. पुढचं सगळं त्या चाळणीवर अवलंबून आहे.

आधी पोत्यात निब्ज किती जातात ते मोजा

मिलमधून बगॅस बाहेर पडला की आमचं पहिलं काम असायचं त्यातली पोल काढणं, म्हणजे पिळून झालेल्या चोयट्यात साखर किती राहिली ते बघणं. पोल दोन टक्क्यांच्या वर गेली की चीफ केमिस्टच्या केबिनमधून आवाज यायचा. बगॅस जाळून वीज करायची गोष्ट नंतरची. आधी त्यातून साखर जाता कामा नये.

टरफलाची पोल म्हणजे त्यात अडकलेले निब्ज. ती अशी काढा. एका भाजणीचं सगळं टरफल स्वच्छ प्लास्टिकवर ओता, खालीवर करून ढीग करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन बाजूला सारा. उरलेलं परत मिसळून परत चार भाग करा. असं करत शंभर ग्रॅमवर या. वरून मूठभर उचललेला नमुना नेहमी खोटं बोलतो, कारण हलका पापुद्रा वर राहतो आणि निब तळाला बसतो. हे शंभर ग्रॅम पांढऱ्या कागदावर पसरा आणि चिमट्यानं निब्ज वेचून दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला.

पाच ग्रॅम निघाले तर बारा किलो टरफलात सहाशे ग्रॅम निब्ज गेले. २०२४ साली कोको जगभर भडकला, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. भाव पुढं खाली-वर होत राहतील, पण सहाशे ग्रॅम निब्जची जी किंमत असेल तेवढी बारा किलो टरफलाच्या कुठल्याच उपयोगातून सहजी मिळत नाही. म्हणून टरफलाचा सगळ्यात किफायतशीर उपयोग म्हणजे त्यातून निब्ज परत काढणं. हे ऐकून सूनबाई म्हणाली, "अण्णा, हा काय उपयोग झाला?" पण महिनाअखेरचा हिशेब तिनंच केला आणि मग विनोवरच्या, म्हणजे हवेनं टरफल उडवणाऱ्या यंत्राच्या, पंख्याचा वेग तिनंच उतरवला.

वेग उतरवताना दुसरी बाजू बघायला हवी. हवा कमी केली की निब्जमध्ये टरफल राहतं. ते चॉकलेटमध्ये खरखरतं, आणि ग्राइंडरच्या दगडालाही ते बरं नाही. कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, यादीत कोको मासमध्ये (निब्ज दळून होणाऱ्या लगद्यात) टरफल १.७५ टक्क्यांच्या आत असावं असं आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचं माप ठेवा, टरफलात निब किती आणि निब्जमध्ये टरफल किती, आणि पंखा मध्ये कुठंतरी बसवा. बी बदललं की परत मोजा. इडुक्कीचं बी आणि आंध्रचं बी एका वेगाला सारखं वागत नाही.

यंत्रातून निघालेल्या टरफलाला शेवटचा हात सुपाचा. आमच्या सौभाग्यवती सूप घेऊन बसल्या की विनोवर फिका पडतो. नुसतं पाखडून भागत नाही. पाखडल्यावर हलकं उडतं, पण बारीक निब आणि जाड टरफल वजनाला जवळजवळ सारखे होतात, ते घोळल्याशिवाय वेगळे होत नाहीत. सूप किंचित तिरकं धरून गोल घोळवलं की निब एका कडेला जमतो. आधी चाळून एका मापाचा माल सुपात घेतला तर हे काम निम्म्या वेळात होतं.

चाळण

धान्याच्या दुकानाशेजारी मिळतात त्या दोन चाळण्या पुरतात, एक चार मिलिमीटरची, एक दोनची. चारच्या वर राहतो तो मोठा पापुद्रा, पहिल्या नंबरचा माल. चार आणि दोनच्या मध्ये अडकतो तो दुसरा; त्यात कोंबही येतात. हा कोंब म्हणजे बियाच्या टोकाला असलेला काडीसारखा कडक तुकडा, दाताखाली वाळूसारखा लागतो, म्हणून चॉकलेटमध्ये तो नको असतो. दोनच्या खाली पडते ती चुरी आणि धूळ. धुळीत बारीक निब असल्यामुळं तिला वास सगळ्यात छान येतो, आणि सगळ्यात जास्त घाणही तिच्यातच असते. वासाला भुलू नका. ती खाण्याच्या कामाला घेऊ नका.

कुठलाही माल चाळण्याआधी एक गोष्ट कागदावर असायला हवी: बी भाजलेलं होतं की कच्चं. कोकोची फळं फोडल्यावर बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात आणि मग उन्हात सुकवतात. हे सगळं शेतावर, अंगणात, ताडपत्रीवर होतं. माती, पक्षी, कोंबड्या, ट्रकचा धूर, जे काही लागायचं ते टरफलाला लागतं, आतल्या निबला नाही. नीट भाजलं की साल्मोनेलासारख्या जंतूंचा बंदोबस्त होतो. कच्च्या बियांचं टरफल सरळ खताकडं. त्यात चर्चा नाही.

उकळून प्यायचं टरफल

पहिल्या नंबरच्या मालाला सगळ्यात चांगला भाव मिळतो तो इथं. युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ज्यांना चॉकलेट परवडत नसे ते टरफल उकळून पीत. आता तेच टरफल कॅफेमध्ये सुंदर पाकिटातून विकलं जातं. काळाचा महिमा.

कृती सोपी आहे. एका कपाला दहा ग्रॅम टरफल, म्हणजे चांगली सैल मूठभर. दोनशे मिली पाणी उकळलं की त्यात टाका, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ठेवा, झाकून तीन मिनिटं मुरू द्या, गाळा. यापेक्षा जास्त उकळलं तर तुरटपणा चढतो. कोरं प्यायचं असेल तर थोडा गूळ पुरे. दुधाचं हवं असेल तर पाणी निम्मं करून टरफल आधी पाण्यातच उकळा, दूध शेवटी. दुधात टाकून उकळलं की टरफल साय धरतं आणि चव उतरत नाही. आलं घालू नका, ते कोकोला उभं राहू देत नाही. सुंठेची चिमूट चालते, दालचिनी उत्तम. कॅफिन कॉफीपेक्षा बरंच कमी असतं, पण थिओब्रोमिन हे कॅफिनच्या जातीचं उत्तेजक द्रव्य असतं, त्यामुळं रात्री झोपताना लहान पोरांना देण्याचं हे पेय नव्हे.

याच मालाचं आणखी एक काम मला जास्त आवडतं. कोमट दुधात टरफल अर्धा तास भिजवून गाळायचं आणि त्या दुधाची कुल्फी लावायची. रंग फिकट बदामी येतो आणि चव मात्र चॉकलेटची, न दिसता लागणारी. पाचगणीच्या हंगामात हॉटेलवाल्यांना असं काहीतरी नवीन हवंच असतं. गुळाच्या पाकात टरफल उकळून गाळलं की सोड्यात घालायचं सरबत होतं. हा पाक फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

आता विकण्याआधीची अट. जे जंतू भाजून मरतात त्यांची गोष्ट वेगळी, पण शिसं आणि कॅडमियम भाजून जात नाहीत, आणि ऑक्राटॉक्सिन हे बुरशीचं विषही भाजणीनं पूर्ण जात नाही. बियांत ऑक्राटॉक्सिन असेल तर त्याचा मोठा भाग टरफलातच असतो, शिसंही तिथंच जमतं. म्हणून प्यायला विकायचं असेल तर प्रत्येक नव्या ठिकाणच्या बियांसाठी एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून शिसं, कॅडमियम, ऑक्राटॉक्सिन आणि साल्मोनेला एवढ्या चार तपासण्या करून घ्या. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स चॉकलेटसाठी असेल, तर त्यात हे नवं उत्पादन जोडून घ्या. तपासणीचा खर्च पाच-दहा किलो टरफलावर बसवला तर पाकीट महाग पडतं. तसं असेल तर विकू नका, घरात प्या.

टरफल दळून बिस्किटात घालायच्या पाककृती पुष्कळ फिरतात. त्यात तंतू भरपूर, निम्म्याहून जास्त, हे खरं. पण उकळून गाळताना टरफल आपण टाकून देतो, दळलं की सगळंच पोटात जातं, धातूंसकट. रिपोर्ट हातात नसताना मी ते करणार नाही, आणि सूनबाईलाही करू देत नाही.

गवळ्याला का द्यायचं नाही

आमच्याकडं कुठल्याही भुशाचा पहिला वारसदार म्हणजे गोठा. शेंगांचं फोलपट, हरभऱ्याचं भुसकट, तुरीची चुणी, सगळं आंबोणात जातं. त्यामुळं चॉकलेटचा वास येणारं पोतं बघून गवळी पुढं येतो, आणि म्हैस ते आवडीनं खाईलही. अडचण इथंच आहे.

कोकोत थिओब्रोमिन असतं. टरफलात ते साधारण एक टक्का धरा, कमी-जास्त होतं. निब ठासून राहिले असतील तर जास्तच. माणूस ते पचवतो, कुत्र्यापेक्षा लवकर शरीराबाहेर काढतो. कुत्र्याच्या शरीरातून निम्मं जायला सतरा-अठरा तास लागतात, म्हणून ते साठत जातं. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागं वीस मिलिग्रॅमला उलटी, अस्वस्थपणा सुरू होतो. साठच्या आसपास झटके येतात. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला त्रास व्हायला दोनशे मिलिग्रॅम पुरे, म्हणजे एक टक्क्याच्या हिशेबानं वीस ग्रॅम टरफल. दोन सैल मुठी. आणि टरफल गोड वासाचं असतं, कुत्रं हुंगत येतं.

गुरांचं सहनशील असणं थोडं जास्त आहे, पण मर्यादा तिथंही आहे. युरोपीय संघानं जनावरांच्या पूर्ण खाद्यात किलोमागं ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, डुकरांसाठी २००, आणि घोडा, ससा, कुत्रा यांच्यासाठी फक्त ५०. एक टक्का थिओब्रोमिनच्या टरफलात किलोमागं १०,००० मिलिग्रॅम भरतं. म्हणजे गायी-म्हशीच्या किलोभर खाद्यात तीस ग्रॅम टरफल गेलं की मर्यादा भरली. गोठ्यात तोलून कोण घालतं? घमेल्यानं घालतात. शिवाय ते दुधातही उतरतं. वासराला, घोड्याला आणि कोंबड्यांना तर अजिबात नाही. शर्यतीच्या घोड्याच्या तपासणीत थिओब्रोमिन सापडलं तर तो बाद होतो, आणि खाद्यात मिसळलेल्या कोकोच्या टरफलामुळं असं झाल्याची प्रकरणं परदेशात घडलेली आहेत.

गवळ्याला हे सांगताना "विषारी आहे" म्हणू नका, तो म्हणेल तुम्ही स्वतः पिता की. "तुम्हाला कुत्र्याला चॉकलेट घालू नये हे माहीत आहे ना, तसंच" म्हटलं की पटतं. तरीही कुणाला वापरायचंच असेल तर आधी लॅबमध्ये थिओब्रोमिन मोजून घ्यावं आणि मग पशुवैद्यकाशी बोलावं. अंदाजावर नाही.

खत

दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा बहुतेक माल अखेर इथं जातो, आणि जायलाच हवा. टरफलात नत्र अडीच-तीन टक्के आणि पालाशही जवळपास तितकंच असतं, स्फुरद एक टक्क्याच्या आसपास. ऐकायला भारी वाटतं. हिशेब करू: बारा किलो टरफलात तीन टक्क्यांनं ३६० ग्रॅम नत्र, म्हणजे पाऊण किलोच्या थोड्या वर युरिया. एवढ्यासाठी कुणी गाडी करून न्यायला येणार नाही. खताला विकून पैसे होतील ही आशा सोडा. स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात गेलं तर फायदा सेंद्रिय कर्बाचा आहे.

थेट मातीत मिसळू नका. ताजं टरफल गरम होतं, त्यातलं थिओब्रोमिन आणि क्षार कोवळ्या मुळांना झोंबतात, गांडुळंही पळतात. ढीग लावा. घमेल्याच्या मापानं एक टरफल, दोन शेण, दोन उसाचं पाचट. वाईच्या खाली भुईंज-पाचवडच्या पट्ट्यात तोडणीनंतर पाचट जाळतात, मागितलं तर देतात. टरफल पाणी झटकतं, म्हणून आदल्या रात्री भिजवून ठेवा. मूठ दाबली की बोटांतून पाणी डोकावावं पण ठिबकू नये, एवढी ओल. ढीग तीन फूट तरी उंच हवा, नाहीतर तापत नाही. तीन-चार दिवसांत आत हात घालवणार नाही इतका तापेल. आठवड्यानं पालथा करा, परत आठवड्यानं. ताप पूर्ण उतरला, कोकोचा वास गेला आणि मातीचा आला की तयार. अडीच ते तीन महिने धरा. गांडूळखत करायचं तर पहिले तीन-चार आठवडे असंच तापवून मग गांडुळं सोडा. आणि ढिगाला जाळी लावा, कुत्र्यांचं वर सांगितलंच.

स्ट्रॉबेरीवाले हे खत मागतात. महाबळेश्वर-भिलारची स्ट्रॉबेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात लागते, म्हणून ढीग उन्हाळ्यात लावा, गादीवाफे ओढायच्या आधी खत मातीत मिसळलं पाहिजे. हे पीक क्षाराला फार हळवं आहे. पालाश जास्त असलेलं खत हात सैल सोडून टाकलं तर पानांच्या कडा करपतात. शेणखताच्या जागी नव्हे, शेणखतात चौथा हिस्सा एवढंच.

मल्चिंग म्हणून, म्हणजे मातीवर आच्छादन म्हणून, टरफल पसरायची पद्धत इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांत आहे, दिसतं छान, चॉकलेटी गालिचा. पाचगणीच्या पावसात त्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि थर चिकट होतो. कुंड्यांत, दोन सेंटीमीटरच्या आत, पाऊस संपल्यावर, आणि घरात कुत्रं नसेल तरच.

रंग

हे मी स्वतः सुरुवातीला करमणूक म्हणून धरलं होतं, पण कोंब असलेल्या दुसऱ्या नंबरच्या मालाला याहून चांगली जागा नाही. खाण्याचे नियम लागत नाहीत, आणि नैसर्गिक रंगाचं काम करणारे किलोनं घेतात.

सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात घाला. महाबळेश्वरच्या जंगलातला हिरडा वाईच्या बाजारात मिळतो. कापडाच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के हिरडापूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवा, न धुता सावलीत वाळवा. मग कापडाच्या वजनाच्या पंधरा टक्के तुरटीच्या पाण्यात तासभर. तिकडं कापडाच्या दुप्पट वजनाचं टरफल रात्री भिजवून सकाळी तासभर उकळा आणि मलमलीतून गाळा. त्या पाण्यात कापड घालून मंद आचेवर तासभर, आणि तसंच थंड होऊ द्या. बदामी-तांबूस तपकिरी येतो. शेवटी हिराकशीच्या पाण्यातून, कापडाच्या वजनाच्या दोन टक्के, पाच मिनिटं काढलं तर करडा होतो. हिराकस जास्त झाली तर कापड कुजतं. रेशीम आणि लोकर हिरड्याशिवाय घेतात आणि रंगही गडद धरतात. हिराकशीची भांडी स्वयंपाकात परत आणू नका. उरलेलं टरफल खताच्या ढिगात.

बाकीचं थोडक्यात

साबणात घालायचं असेल तर धूळ नको, पहिला माल दळून मलमलीतून गाळलेलं पीठ घ्या, पाचशे ग्रॅम साबणाला चमचाभर. जाड राहिलं तर अंग ओरखडतं. विकायचा असेल तर सौंदर्यप्रसाधनांचं लायसन्स लागतं. उदबत्तीचा मोह होतो, पण जळलेल्या टरफलाला चॉकलेटचा नाही, जळलेल्या टरफलाचाच वास येतो.

जळण म्हणून ते चांगलं आहे. कोरडं टरफल किलोला चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देतं. मिलमधून निघालेला, निम्मं पाणी असलेला बगॅस सव्वादोन हजार देतो. पण राखेत पालाश भरपूर, ती वितळून भट्टीत दगडासारखे गठ्ठे धरते, आणि साधी चूलही धुरकट जळते. जर्मनीत हॅम्बर्गला कोकोच्या टरफलापासून बायोचार (हवा कोंडून केलेला, मातीत घालायचा कोळसा) करणारा कारखाना उभारला गेला. अशा ठिकाणी माल टनांनी लागतो. आपल्या बारा किलोला तो थाट परवडत नाही. दुसरं काहीच जमलं नाही तर जाळा.

एक सावधगिरी वाचनातली. कोकोच्या "टरफला"चे उपयोग शोधायला गेलात तर निम्मी माहिती बियांच्या टरफलाची नसते, फळाच्या जाड कवचाची असते. फळाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या वर कवचच असतं. ते केरळात, आंध्रात बागेतच राहतं, आणि न कुजवता झाडाखाली सोडलं तर काळ्या फळकुजीची बुरशी त्यातून पसरते. घाना-नायजेरियात त्या कवचाची राख पाण्यात मुरवून पालाशचा क्षार काढतात आणि त्यावर काळा साबण होतो. गराचा रस निथळतो त्याचं ब्राझीलमध्ये सरबत, जेली होते. हे सगळं सुंदर आहे, पण आपल्याकडं पोत्यातून फक्त सुकं बी येतं. त्या कृती आपल्या टरफलाला लावू नका. कोकणात नारळ-सुपारीत कोको लावलेला कुणी पाहुणा असेल तर त्याला सांगा.

साठवण आणि गिऱ्हाईक

टरफल हवेतली ओल पितं. जून ते सप्टेंबर वाईत सुद्धा उघडं पोतं दोन आठवड्यांत मऊ पडतं, वर पाचगणीला त्याहून लवकर. मुठीत चुरलं तर कुरकुरीत आवाज आला पाहिजे. लॅबची सवय असलेल्यांनी दहा ग्रॅम ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओल काढावी, आठ टक्क्यांच्या आत ठेवावी. भाजणीच्या दिवशीच, थंड झाल्याबरोबर आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात किंवा झाकणाच्या पिंपात भरा, फळीवर ठेवा. पाखरू लागलं, जाळी दिसली की ते पोतं खताला. पोत्यावर चिठ्ठी: बी कुठलं, भाजल्याची तारीख, चाळणीचा नंबर, आणि जनावरांना देऊ नये.

महिन्याला दहा-बारा किलो टरफल निघत असेल तर गिऱ्हाईक शोधत फिरू नका, निब्जची गळती थांबवा, थोडं प्या, बाकीचं ढिगावर. पन्नास किलोच्या वर गेलं की तपासणीचा खर्च निघू लागतो आणि कॅफेवाला, रंगवाला यांच्याशी बोलण्यात अर्थ असतो. मधल्यांनी शेजारच्या दोन-तीन चॉकलेटवाल्यांचा रंगाचा आणि खताचा माल एकत्र करावा. प्यायचा माल मात्र एकत्र करू नका. एकाच्या बियांत खोट निघाली तर सगळ्यांचा माल जातो, आणि खोट कुणाची होती ते नंतर शोधता येत नाही.